न झालेल्या लग्नाचा पुरावा

फ्रान्समध्ये लग्न करायचं तर जन्माचा दाखला ताजा लागतो. तिथेच मिळालेला असेल तर तीन महिन्यांच्या आतला, बाहेरच्या देशातून आणलेला असेल तर साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलेच. माणूस जन्मतो एकदा. जन्मतारीख बदलत नाही, जन्मगाव बदलत नाही, आईबाप बदलत नाहीत. आपल्याकडे शाळेत घालताना काढलेला दाखला घड्या पडून पिवळा झाला तरी आयुष्यभर पुरतो. मग फ्रान्समध्येच तो दुधासारखा नासतो कसा?

उत्तर सापडलं ते समासात. फ्रान्समधली जन्माची नोंद एकदा लिहून मिटवून टाकत नाहीत. त्या नोंदीच्या कडेला जागा राखलेली असते आणि माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना एकेक करून तिथे येऊन बसतात. लग्न झालं, घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं, आणि शेवटी मृत्यू. लग्न देशातल्या कुठल्याही गावी लागो, तिथला अधिकारी वधूवरांच्या जन्मगावांना कळवतो आणि तिथली माणसं जुनं पान उघडून कडेला एक ओळ लिहितात. त्यामुळे ताजा दाखला मागणारा अधिकारी तुमचा जन्म तपासतच नसतो. त्याची नजर समासावर असते. समास कोरा असेल तर तुम्ही मोकळे. कोऱ्या जागेकडे बोट दाखवून ‘हा घ्या पुरावा’ असं म्हणता यावं, एवढ्यासाठी एक अख्खा देश पिढ्यान् पिढ्या आपल्या वह्या एकमेकींशी जोडत आला आहे!

परक्या देशात लग्न करू पाहणाऱ्याला कागदांची चळत गोळा करावी लागते. ती नीट पाहिली की लक्षात येतं, यातले बहुतेक कागद एकाच अवघड कामाला जुंपलेले आहेत: काहीतरी घडलेलं नाही हे दाखवायचं. लग्न झालं, हे दाखवणं सोपं. फोटो असतात, जेवून गेलेली माणसं असतात, भटजी असतात, दाखला असतो. पण हजारो मैलांवरून आलेल्या, कुणी ओळखत नसलेल्या माणसाचं आजवर जगाच्या पाठीवर कुठेही लग्न झालेलं नाही, हे दाखवायचं कसं?

आपल्याकडे तर ते फारच अवघड. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत नोंदी होतात, त्यांचे दाखलेही मिळतात. पण या वह्या झालेल्या लग्नांच्या. जन्माच्या नोंदीपासून लग्नाच्या नोंदीपर्यंत नेणारा धागा त्यांत नाही. सातारच्या जन्मनोंदीला पुण्यात लागलेल्या लग्नाची खबर कधीच लागत नाही. म्हणून भारतीय माणसाला अविवाहित असल्याचा दाखला हवा असला की वाट फिरून त्याच्यापाशीच येते. तो मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करतो, शपथेवर सांगतो की माझं लग्न झालेलं नाही, आणि त्याच्या शब्दावर पुढचे शिक्के बसत जातात. फ्रान्स वहीवर विसंबतो, आपण शपथेवर.

शपथेवर चालणारा देश आणि वहीवर चालणारा देश एका टेबलाशी समोरासमोर बसले की काय होतं, ते बघण्यासारखं आहे. एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. मुलगी साताऱ्याची, बर्लिनमध्ये नोकरीला. मुलगा जर्मन. दोघांना बर्लिनमध्येच लग्न करायचं आहे. जर्मनीत 1876 पासून कायद्याच्या लेखी लग्न होतं ते सरकारी नोंदणी कचेरीतच. चर्चमधला सोहळा ज्याचा त्याने हौसेने करावा. तर मुलगी त्या कचेरीत जाते आणि तिला विवाहक्षमतेचा दाखला मागितला जातो. ‘आमच्या कायद्याप्रमाणे या व्यक्तीच्या लग्नाला कसलीही आडकाठी नाही,’ असं तिच्या देशाने लिहून द्यायचं. जर्मन नागरी संहितेचं कलम 1309 तसं सांगतं.

जर्मनीला हवा तसा दाखला भारत देत नाही. मग? मग तेच कलम पुढची वाट दाखवतं. दाखल्यातून सूट द्यायचा अधिकार त्या प्रांताच्या उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे आहे. बर्लिनमध्ये या न्यायालयाला काम्मरगेरिश्ट म्हणतात. भांडण नाही, खटला नाही, आरोपी नाही, फक्त एका मुलीला लग्न करायचं आहे, आणि तिची फाइल उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांच्या नावाने जाते. तिथे तपासलं जातं ते जर्मन कायद्याने ती लग्नाला पात्र आहे का, एवढंच नाही. भारतीय कायद्याने पात्र आहे का, हेही पाहिलं जातं.

इथे मला या विषयाची खरी गोडी लागली. लग्नाची पात्रता ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्याने ठरवायची, हा जर्मनीचा नियम. जर्मनीत अठराव्या वर्षी लग्न करता येतं. पण वीस वर्षांचा भारतीय मुलगा बर्लिनमध्ये उभा राहिला तर एकविसाची भारतीय अट सर्वसाधारणपणे त्याच्या आड येते. तो हजारो मैल ओलांडून आला तरी त्याचा कायदा पाठोपाठ आलेला असतो. आणि भारतीय माणसाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे: कुठला भारतीय कायदा? आपल्याकडे हिंदू विवाह कायदा वेगळा, ख्रिस्ती विवाहाचा वेगळा, मुस्लिमांचा वेगळा, आणि सर्वांना खुला असलेला 1954 चा विशेष विवाह कायदा वेगळा.

आता मुलगा जर्मन नसून मराठीच आहे असं धरा, आणि तो मुलीचा आतेभाऊ आहे. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे कितीतरी समाजांत आहे. हिंदू विवाह कायदा मात्र अशा नात्याला सपिंड म्हणून आधी हरकत घेतो आणि लगेच सांगतो की दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर चालेल. म्हणजे बर्लिनमधल्या अधिकाऱ्याला कराड-वाळव्याकडच्या एखाद्या समाजात आत्याच्या घरी मुलगी देतात का, हे ठरवायची वेळ येऊ शकते! फ्रान्सने यासाठी एक खास कागदच ठेवला आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा सरळ अर्थ ‘रिवाजाचा दाखला’. परक्या वराने किंवा वधूने आपल्या देशाचा विवाहाचा कायदा काय म्हणतो, हे लिहून आणायचं. शिधा बांधून निघावं तसा कायदा बांधून न्यायचा.

कागद खरा आहे का, हा प्रश्न वेगळाच. जगभर त्यासाठी एक सुंदर सोय आहे, तिचं नाव अपोस्टिल. पूर्वी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर सह्यांची माळ ओवावी लागे. नोटरीची सही खरी असं राज्य सांगणार, राज्याची सही खरी असं परराष्ट्र खातं सांगणार, त्या खात्याची सही खरी असं परक्या देशाची वकिलात सांगणार. 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेगमध्ये झालेल्या कराराने यातले शेवटचे मणी काढून टाकले. कागदाला एक चौकोनी शिक्का लावायचा, बाजू किमान 9 सेंटिमीटरची, मथळा फ्रेंचमध्येच, आत क्रमाने दहा रकाने. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात तो चौकोन एका नजरेत ओळखू यावा, म्हणून हा साचा ठरला. भारतासाठी हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. महाराष्ट्रातला कागद आधी राज्य शासनाकडून प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल त्यावर बसतो. शिक्का सांगतो ते इतकंच, की सही आणि मोहोर खरी आहे. आतला मजकूर खरा की खोटा, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आणि नेमक्या याच फटीपाशी जर्मनी अडला. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. त्यामुळे आजही या दोन देशांमध्ये अपोस्टिलचा चौकोन चालत नाही. मग साताऱ्याच्या मुलीचा जन्मदाखला खरा कसा ठरवायचा? जर्मन वकिलात भारतातला आपल्या विश्वासातला वकील नेमते, आणि तो मूळ नोंदीपर्यंत जाऊन खातरजमा करतो. याला काही महिने लागतात आणि खर्च जोडप्याच्या माथी. बर्लिनमधल्या लग्नासाठी इकडे कुणीतरी कचेरीत जाऊन जुनी जन्मनोंदवही उघडायला लावतो, बोट ठेवून ओळ वाचतो. त्या ओळीत कधी कधी नावाची जागा कोरी सापडते, कारण दवाखान्याने नोंद केली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर नाव चढवायला कुणी गेलंच नाही. आई-वडिलांच्या पिढीत हे फार झालेलं आहे. इथला कोरेपणा मात्र कामाचा नाही. फ्रेंच समासातली मोकळी जागा दार उघडते, आपल्या नोंदवहीतली मोकळी जागा दार लावून घेते.

पण एका देशाने दुसऱ्या देशाचा कायदा आपल्या कचेरीत का लावावा? हा उदारपणा आला कुठून? इंग्लंडच्या कायद्यात याची दोन मुळं मला सापडली. दोन्ही न्यायालयात गेलेल्या लग्नांची आहेत आणि दोन्ही मनाला चटका लावतात.

इंग्लंडमध्ये 1753 च्या कायद्याने लग्न कडक नियमांत बांधलं. चर्च हवं, आगाऊ जाहीर पुकारा किंवा परवाना हवा, एकवीस वर्षांखालच्यांना परवाना हवा तर वडीलधाऱ्यांची संमती हवी. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोघांनी एकमेकांना ‘आजपासून आपण नवराबायको’ म्हटलं की लग्न झालं. मुलगा चौदाचा आणि मुलगी बाराची असली तरी. मग इंग्लंडमधली जोडपी घोडागाडी दौडवत सरहद्द ओलांडू लागली. पलीकडचं पहिलंच गाव ग्रेटना ग्रीन. तिथला लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लावतो अशी ख्याती झाली आणि लग्न लावणाऱ्यांना ‘ऐरणीचे पाद्री’ असं नाव पडलं. 1856 मध्ये एकाने तरी एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं अशी अट आली, आणि 1940 मध्ये नुसत्या शब्दावरची लग्नं कायद्याने थांबली. ग्रेटना ग्रीनला लग्नाला येणारे थांबले नाहीत. आता ते निबंधकाकडे किमान 29 दिवस आधी सूचना देऊन येतात.

त्याच स्कॉटिश कायद्याच्या आधाराने जोहाना गॉर्डन नावाच्या बाईंनी एक लढाई जिंकली. 1804 मध्ये एडिंबरोत असलेल्या डॅलरिंपल नावाच्या तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आणि तिने एकमेकांना नवराबायको मानल्याचं गुपचूप कागदावर लिहून दिलं. ना पाद्री, ना सोहळा. पुढे 1808 मध्ये त्याने इंग्लंडमध्ये दुसऱ्या स्त्रीशी रीतसर लग्न केलं. जोहानाने ते कागद जपून ठेवले होते. 1811 मध्ये लंडनच्या धर्मन्यायालयात न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांच्यापुढे प्रश्न आला: हे लग्न झालं होतं का? इंग्लंडच्या नजरेने मुळीच नाही. पण न्यायाधीशांनी म्हटलं, जिथे झालं तिथला कायदा विचारा. आपला कायदा त्यांनी बाजूला ठेवला, स्कॉटलंडच्या जाणकारांच्या साक्षी काढल्या, ग्रंथ पाहिले आणि निकाल दिला की एडिंबरोतलं लग्न खरं. त्यामुळे चर्चमधलं दुसरं लग्न टिकलं नाही. लग्नाचा विधी ज्या भूमीवर होतो त्या भूमीच्या कायद्याने तो पारखायचा, हे सूत्र त्या निकालाने पक्कं रुजवलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. सात वर्षं कागद सांभाळून ती उभी राहिली, आणि आज कुणी मॉरिशसच्या किनाऱ्यावर तिथल्या रीतीने लग्न करून येतं आणि आपण ते मानतो, त्यामागे तिच्या खटल्याने पाडलेली वाट आहे.

दुसरी गोष्ट उलट्या अंगाची. इंग्लंडमध्ये 1835 पासून मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न म्हणजे कायद्याने शून्य होतं. आपल्याकडे बायको गेल्यावर तिच्या लेकरांसाठी मेव्हणीशी लग्न लावून देणं हे घराघरांत पाहिलेलं, त्यामुळे हे वाचताना आपण चक्रावतो. डेन्मार्कमध्ये असं लग्न चालत होतं. म्हणून ब्रुक नावाचा इंग्रज विधुर 1850 मध्ये मेव्हणीला घेऊन वान्ड्सबेकला गेला. आज ते हॅम्बुर्ग शहराचा भाग आहे, तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलात होतं. तिथल्या रीतीने लग्न लावून ती दोघं इंग्लंडला परतली. दोघांच्या मृत्यूनंतर मुलांच्या वारशाचा प्रश्न उभा राहिला आणि 1861 मध्ये उमरावांच्या सभागृहाने लग्नच अमान्य केलं. विधी डेन्मार्कचा, तो बिनचूक. पण माणसं इंग्लंडची, आणि कुणी कुणाशी लग्न करावं हे त्यांच्या घरच्या कायद्याने ठरणार. त्या बिचाऱ्या मुलांना आईबापांच्या बोटीच्या प्रवासाचा काही उपयोग झाला नाही. इंग्लंडने ती बंदी उठवली ती 1907 मध्ये.

विधी त्या गावचा, पात्रता आपल्या घरची. या एका ओळीवर आजही परदेशातलं लग्न तोललेलं आहे, आणि बर्लिनमध्ये सपिंड नात्याची चौकशी का होते त्याचा उलगडा इथे होतो.

‘विधी त्या गावचा’ म्हणताना मात्र एक मजेदार प्रश्न उरतोच. लग्न नेमकं कुठल्या क्षणी लागतं? हिंदू विवाह कायदा सांगतो की सप्तपदीची रूढी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की विधी न करता नुसता दाखला मिळवला तर ते हिंदू लग्न नव्हे. जपानमध्ये अगदी उलटं. तिथे विधीला कायद्याच्या लेखी काही किंमत नाही. नगरपालिकेच्या खिडकीत एक अर्ज द्यायचा, त्यावर दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या. तो स्वीकारला गेला की लग्न लागलं. कचेऱ्या हा अर्ज रात्रीही घेतात आणि वधूवर दोघांनी हजर असायलाच हवं असंही नाही. अर्ज गेला की जपानी माणसाच्या कुटुंबनोंदीत, म्हणजे कोसेकीत, ते लिहिलं जातं. परक्या जोडीदाराचं स्वतंत्र कोसेकी पान उघडत नाही, जपानी जोडीदाराच्या पानावर त्याचा उल्लेख येतो. एका देशात पाऊल, एका देशात अर्ज. फ्रान्समध्ये तिरंगी पट्टा घातलेले महापौर नागरी संहितेतली नवराबायकोच्या कर्तव्यांची कलमं मोठ्याने वाचतात, होकार घेतात आणि कायद्याच्या नावाने दोघांना जोडतात तो क्षण.

मराठी घरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मन ख्रिस्ती जावई साताऱ्यात येऊन मुंडावळ्या बांधून सात पावलं चालला तरी हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न होत नाही. त्या कायद्यासाठी दोघंही हिंदू लागतात. अशा जोडप्याला इथे विशेष विवाह कायद्याची वाट आहे, किंवा परदेशात असतील तर तिथल्या कायद्याची, नाहीतर भारतीय वकिलातीची.

ही वकिलातीची वाट फार थोड्यांना ठाऊक असते. 1969 च्या परदेशी विवाह कायद्याप्रमाणे परदेशातला आपला वाणिज्यदूत विवाह अधिकारी होऊ शकतो. दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा. एकाने तरी सूचना देण्यापूर्वी तीस दिवस त्या भागात वास्तव्य केलेलं हवं. मग सूचना फलकावर लागते, हरकतींसाठी तीस दिवस थांबतात, आणि शेवटी निदान तीन साक्षीदारांसमोर, दार उघडं ठेवून लग्न लागतं. दार उघडं ठेवून, हे कायद्यात लिहिलेलं आहे! फ्रान्समध्येही नगरपालिकेच्या सभागृहाची दारं लग्नाच्या वेळी उघडी असावी लागतात, आणि त्याआधी दहा दिवस नावं जाहीर लावलेली असतात.

हे उघडं दार आणि फलकावरची नावं कशासाठी, ते कळल्यावर मला सगळ्यात आनंद झाला. न घडलेल्याचा पुरावा मिळवायची ही सगळ्यात जुनी रीत आहे. वह्या नव्हत्या, तेव्हा 1215 मध्ये ख्रिस्ती धर्माच्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाआधी जाहीर पुकारा करायचा नियम घातला. सगळ्यांना सांगा. मग थांबा. कुणाला ठाऊक असेल की याची एक बायको पलीकडच्या गावात आहे, तर तो येऊन सांगेल. कुणीच आलं नाही, तर ते न येणं हाच पुरावा. आपल्या मांडवाला भिंती नसतात आणि लग्नाला सारा गाव लोटतो, त्यामागेही असं काही जुनं शहाणपण असावं असं मला वाटतं. अर्थात या रीतीला एक जखम आहे. घरच्यांच्या विरोधात, जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींसाठी तीस दिवस फलकावर टांगलेलं नाव म्हणजे धोका असतो. ज्यांना हरकत घ्यायचा काही हक्क नाही, तेच पहिल्यांदा वाचायला येतात. माहितगाराने पुढे यावं म्हणून उघडलेलं दार दंडेलीलाही आत घेतं, आणि माझ्या मते हे दुखणं आता तरी कायद्याने मनावर घ्यायला हवं.

कागदांनी बेजार झालेल्या बर्लिनच्या जोडप्याला त्यांचे मित्र बहुधा एक सल्ला देतात: डेन्मार्कला जा. ब्रुकची बोट गेली होती तोच देश! आजचा डेन्मार्क परक्या जोडप्यांकडून जर्मनीसारखा विवाहक्षमतेचा दाखला मागत नाही. 2019 पासून हे काम एका मध्यवर्ती सरकारी संस्थेकडे आहे. ती पासपोर्ट, राहण्याचा परवाना, आधीचं लग्न मोडलं असल्यास त्याचे कागद आणि नातं खरं असल्याच्या खुणा तपासते, आणि सगळं ठीक असेल तर चार महिने चालणारं प्रमाणपत्र देते. ते घेऊन कुठल्याही नगरपालिकेत जायचं. पुष्कळ जण एरो नावाच्या बेटावर जातात. सहा हजारांच्या आसपास वस्ती, फेरीबोटीने सव्वा तासाचा रस्ता, बुटक्या रंगीत घरांचं जुनं गाव, आणि वर्षाकाठी हजारो परदेशी जोडपी. दोन साक्षीदार लागतात. कुणी बरोबर नसेल तर तिथलीच माणसं उभी राहतात. दाखला एकाच कागदावर पाच भाषांत मिळतो. जर्मनी हे लग्न मानतो, कारण विधी त्या गावचा. पात्रतेचा प्रश्न मात्र डेन्मार्कला जाऊनही चुकत नाही. तो ब्रुकच्या मागे गेला तसा आजच्या जोडप्यामागेही जातो.

काही देशांत ही पळवाट राहिलेली नाही, तो राजरस्ता झाला आहे. इस्रायलमध्ये लग्न धर्माधिकाऱ्यांकडेच लागतं, नोंदणी पद्धतीचं लग्न तिथे नाही. म्हणून दोन धर्मांची जोडपी तासाभराच्या विमानप्रवासावर असलेल्या सायप्रसला जातात. 1963 मध्ये फुंक-श्लेसिंगर खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाची नोंद घ्यायला सरकारला भाग पाडलं. लेबनॉनचे तरुणही त्याच सायप्रसला जातात. त्यांच्या बाबतीत आणखी नवल पुढे आहे. अशा लग्नात पुढे तंटा झाला तर बैरूतचा न्यायाधीश जिथे लग्न लागलं त्या देशाचा कायदा लावतो.

आणि आता तर गावच नाहीसं होऊ लागलं आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातली एक काउंटी पडद्यावरून लग्नं लावते. लग्न लावणारा युटात, वधूवर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. 2023 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही लग्नंही नोंदवायला सांगितली. सर विल्यम स्कॉट यांनी ‘जिथे झालं तिथला कायदा विचारा’ म्हटलं होतं. हे कुठे झालं?

समासातली ओळ मला पुन्हा भेटली ती घराजवळ, गोव्यात. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा अजून चालते आणि लग्न नागरी निबंधकापुढे दोन टप्प्यांत होतं. आधी इरादा जाहीर करून सही, मग हरकतींची मुदत, मग पक्की सही. गोव्याची माणसं सहज म्हणून जातात, ‘पहिली सही झाली, दुसरी राहिली.’ 19 डिसेंबर 1961 च्या आधी तिथे जन्मलेली पुष्कळ माणसं आणि त्यांची मुलं आज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आपला जन्म लिस्बनच्या वहीत चढवतात. जन्म चढला की लग्नही चढवावं लागतं. ज्यांचा संसार म्हापशात किंवा मडगावात होऊन गेला, ज्यांची नातवंडं आता कमावती झाली, त्यांच्या जुन्या सहीचा उतारा काढून, भाषांतर करून, त्यावर शिक्का घेऊन तिकडे पाठवतात. मग लिस्बनमध्ये कुणीतरी त्यांच्या जन्माची नोंद उघडतं आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका दुपारी गोव्यात झालेली ती दुसरी सही कडेच्या जागेत एका ओळीत लिहितं.